मधली फुलं

हॅलो?… हो, बोल चंदन… बघितली तुझी फिल्म. आत्ताच… नाही, तीनदा. एकदा बहीण म्हणून, दोनदा संशयाने.

…अरे, चांगली आहे. चांगली आहे म्हटलं ना! झेंडू पिकवणाऱ्या एका माणसाचं आयुष्य वीस मिनिटांत बसवणं सोपं नसतं… हो, माहीत आहे, रविवारी बाबांना जाऊन वर्ष होतंय. आई पहिल्या रांगेत बसणार, सारं गाव येणार. म्हणूनच आज विचारते आहे, रविवारनंतर विचारून काय उपयोग?

तुझी गोष्ट शेवटापासून का सुरू होते? रिकामी बाज, दोऱ्याचं रीळ, मग मागे, आणखी मागे… 'आठवणी अशाच येतात' हे मला सांगू नकोस. आठवणी कशाही येतात, रे. त्यांची मांडणी मात्र कुणीतरी हाताने करतं… हो, करते मी कविता. काळ कसा वाकवतात ते थोडंफार कळतं, म्हणून तर सांगते. गोष्टीत मागे जाणारा माणूस दोनच कामांसाठी जातो. काहीतरी आणायला, नाहीतर काहीतरी ठेवून यायला. तू काय ठेवून आलास?

…हसू नकोस.

अकराव्या मिनिटाचं दृश्य… हो, तेच, काळंपांढरं. पडद्यावर अक्षरं उमटतात, 'सात वर्षांपूर्वी'. बाबा अंगणात बाजेवर, पुढ्यात फुलांचा ढीग, हार ओवताहेत. वर बासरी… सुंदर आहे, वादच नाही. इतकं सुंदर की मला भीती वाटली. सात वर्षांपूर्वी तुझ्याकडे कॅमेरा होता?… मित्राचा? कोणत्या?… श्यामचा. श्याम तेव्हा पुण्यात होता ना?… बरं. आठवत नाही. आठवणींवर फिल्म केलीस, आणि नेमकं एवढंच आठवत नाही.

हॅलो?… मी आहे. 

तुझ्या मागे कोण बोलतंय? अकोल्यातच आहेस ना, जठारपेठेत, तुझ्या स्टुडिओत?… नाजिया. एडिटिंग करते ती? दे तिला… दे ना. खाऊन टाकणार आहे का मी तिला?

हॅलो, नाजिया? मी प्रतीक्षा, चंदनची ताई… हो, हो… अगं ऐक ना, काम छान झालंय, खरंच. फक्त एक सांग, ते काळंपांढरं दृश्य कुठून आलं?… वेगळ्या कार्डावर होतं. आणि मुळात रंगीत होतं… अच्छा. आणि त्याचा आवाज?… बासरी ऐकली मी. बासरीच्या खाली काय होतं?… पूर्ण काढायला सांगितलं त्याने. तू ऐकलास?… ऐकूही दिला नाही… नाही गं, तुझी काय चूक. दे त्याला.

चंदन, आवाज का काढलास?… वारा? त्या दृश्यात झेंडूची पाकळीसुद्धा हलत नाही. कुठला वारा?

आता माझं ऐक. मध्ये बोलू नकोस. बाबा दोनदा मान वळवून उशाकडे बघतात. तिथे काहीतरी वाजत असणार. दुसऱ्यांदा बघतात तेव्हा ओठ हलतात, तुझ्याकडे बघून काहीतरी बोलतात. आणि नेमकं तिथेच तुझी बासरी वर चढते. हे पहिलं.

दुसरं, अंगठा… डाव्या हाताचा अंगठा, अरे. त्यावर चिंधी बांधली आहे. तू रंग काढलास, पण चिंधीवरचे ठिपके राहिले. बारीक, तिरप्या ओळीतले. ती माझी हिरवी ओढणी आहे, चंदन. बाबा गेले त्या दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी दोरा कापताना बाबांच्या अंगठ्याला ब्लेड लागलं, तेव्हा मी तिचा काठ फाडून बांधला होता. गाठसुद्धा माझीच आहे. ही सात वर्षांपूर्वीची चिंधी नाही. ती चिंधी त्या अंगठ्यावर एकच सकाळ होती.

…

बोल.

…बोल ना, चंदन. तू तर म्हणालास, नागपूरच्या गरब्याचं शूटिंग संपवून थेट रेल्वेने अकोल्याला गेलो. आईला म्हणालास, शेजारच्या पुंजाजीकाकांना म्हणालास. काकांना अकरा वाजता बाबा बाजेवरून खाली पडलेले दिसले. तोपर्यंत तिथे कुणीच नव्हतं, हेच वर्षभर आम्ही सांगत आलो. आई पहाटेच फुलं घेऊन मोझरीच्या चौकात गेली होती. मग कॅमेरा कुणी धरला होता? झेंडूने?

…मले खरं सांग. एवढंच.

…किती वाजता?… सातला. मोटरसायकलवर. म्हणजे रेल्वे नव्हतीच… आणि निघालास कधी?… साडेआठ.

…पुढे.

…छातीत जळजळ. ते म्हणाले की तू विचारलंस?… ते म्हणाले. आणि तू काय दिलंस?… लिंबूसोडा.

…

अरे, रडू नकोस आधी. आधी सांग. दवाखान्याचं नाव काढलं होतंस का?… ते 'जा' म्हणाले. अर्थात म्हणाले असतील. ते नेहमीच म्हणायचे. आणि अकोल्यात बारा वाजता शोरूमच्या उद्घाटनाचं शूटिंग होतं, म्हणून तू गेलास.

…ऐकते आहे. श्वास घे.

तुला कळतंय का तू काय केलंस? मी जाण्याबद्दल म्हणत नाही. त्या सकाळी मी असते तर मीही कदाचित लिंबूच पिळलं असतं. मी फिल्मबद्दल बोलते आहे. आठव, बाबा हार कसा ओवायचे? आदल्या दिवशीची फुलं मध्ये, ताजी दोन्ही टोकांना. गिऱ्हाईक टोकं हातात घेऊन बघतं, मधे बोट घालत नाही. तू तेच केलंस, फक्त उलटं. सगळ्यात ताजं फूल, त्यांच्या शेवटच्या सकाळचं, सुकवून, काळंपांढरं करून, शिळं म्हणून मध्ये ओवलंस. सात वर्षांपूर्वीच्या सकाळी कुणालाही आजारी बापाला सोडून जावं लागत नाही ना. तिथे सगळे सुखरूप असतात.

…हो. असेल. तुला ते दृश्य टाकून देता आलं नाही आणि ठेवताही आलं नाही. ते कळतं मला. दयेचा भाग नाही यात, नुसतं कळतं.

पण तो आवाज राहिलाच. उशाशी काय वाजत होतं?

…फोन. कुणाचा?

…नाही, तू सांग. मला वेळ माहीत आहे. आठ वाजून दहा मिनिटं. दोनदा केला होता मी. दोन्ही वेळा उचलला नाही त्यांनी.

…तुला कुठून माहीत असणार? कुणालाच माहीत नाही. आदल्या संध्याकाळी मी भांडले होते त्यांच्याशी. त्या मधल्या फुलांवरूनच. म्हटलं, बाबा, देवाच्या गळ्यातसुद्धा शिळी फुलं घालायची? म्हटलं, लाज वाटते मला हे हार बघून… हो, 'लाज' म्हणाले. शिकलेली पोर ना मी. ते तसेच दोरा कापायला गेले आणि अंगठा कापला. मी चिंधी बांधली, तोंडाने एक शब्द न बोलता, आणि शेवटच्या एसटीने अमरावतीला परतले. सकाळी फोन केला तो माफी मागायला. उचलला नाही. अकरानंतर पुंजाजीकाकांचा आला.

वर्षभर मी एकच गोष्ट रचत आले, चंदन, की ते रागावलेले होते. फोनकडे बघत होते आणि उचलत नव्हते. माझ्या गोष्टीत ती सकाळ संपतच नाही.

…काय म्हणजे, तसं नाही?

…तू मला धीर द्यायला सांगतो आहेस. आज तुझ्या कुठल्याच शब्दावर माझा विश्वास नाही. कार्ड आहे ना समोर? बासरी काढ. मूळ आवाज लाव. फोन त्या स्पीकरजवळ धर… आत्ता. नाजिया असू दे, ऐकू दे तिलाही.

…

हं. कोंबडा… हो, ऐकू येतंय. हा माझाच फोन… वाजतोय…

…

काय म्हणाले?… नीट आलं नाही. पुन्हा लाव.

…

'ताईचा फोन व्हय. वाजू दे'… पुढे? पुढे काय आहे, चंदन?

…

'आज सारी ताजीच ओवून राहिलो. संध्याकाळी सोनं घेऊन आली का दाखवतो तिले.'

…

…

नाही, आहे मी. फोन आहे हातात.

त्या ढिगात शिळं एकही नव्हतं? तू जवळ होतास, तू सांग… एकही नाही. आदल्या दिवशीची टोपलीभर फुलं त्यांनी गोठ्यामागे ओतली होती. तुला वाटलं, सडली असतील.

…

बरं, ऐक आता. ते 'सात वर्षांपूर्वी' काढ. रंग परत घाल. ओढणी हिरवी दिसली पाहिजे. आणि ते दृश्य मधून उचल आणि सगळ्यात शेवटी ठेव, जिथलं आहे तिथेच… आईचं? नाही, मी सांगणार नाही. तू रविवारच्या आधी ये आणि तिच्यासमोर बसून सांग. सकाळी सातपासून. लिंबू, जळजळ, साडेआठ, सगळं क्रमाने. मागेपुढे करायचं नाही. ती मारेल, मार खा.

…मी? हो, मी येईन. मलाही तिला आदली संध्याकाळ सांगायची आहे.

एकच विचारते. तो फोन किती वेळ वाजतो?… दोन्ही मिळून एक मिनिट दहा सेकंद.

…लोक कंटाळतील, असं नाजिया म्हणते? कंटाळू देत. कापू नकोस, चंदन. त्यावर बासरी नको, काही नको.

पूर्ण वाजू दे.

…ठेवते.