सी ड्राइव्हमधली मिरची

आमच्या प्रज्ञाचं सांगतो तुम्हाले. माझी धाकटी बहीण. परवा मी सदरच्या ऑफिसात बसलो होतो, तर तिचा रडतरडत फोन. विंडोजच्या लॅपटॉपमध्ये तिनं विंडोजच्या आतच चालणारं लिनक्स टाकलं होतं. भिवापुरी मिरचीवरच्या पीएचडीचं सारं काम ती त्यातच कमांड देऊन करायची. ते सारखं अडकायला लागलं, म्हणून तिनं लिनक्सच काढून टाकलं.

“दादा, सगळी मेहनत गेली गा!”

“रडू नको वं. फाईली कुठं ठेवत होती?”

“लिनक्समध्ये एमएनटी नावाचं फोल्डर, त्यात सी, त्यात थीसिस.”

“अवं, लिनक्समधून दिसणारा तो सी म्हणजे विंडोजचाच सी ड्राइव्ह! तो कुठं जाते? उघडून पाह्य.”

माउसची टकटक ऐकू आली.

“आहेत दादा, साऱ्या आहेत. सकाळपासून जेवली नाही मी. ठेव आता फोन, भूक लागली.”