चिंबोरीचा रकाना

परळच्या दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर माहीमच्या पुतळाबाई कोळीण आणि संपात गिरणी सुटलेले नाना बसले होते. दोघांच्याही जबड्यात संशोधनासाठी स्क्रूचे दात बसवलेले.

“काय पुतळाबाई, रिपोर्ट काय आला?”

“पास म्हणे! एक्स-रेत हाड किती झिजलं ते मोजलं. नाना, तुमचा?”

“मीपण पास. माझ्या डॉक्टरनं फक्त स्क्रू हलतो का ते बघितलं.”

“म्हणजे तुम्हाला एक माप, मला दुसरं, आणि पास दोघंपण?”

“खाता येतं का, हे विचारलं कुणी?”

“नाय ना! दोन महिने झाले, चिंबोरीची, खेकड्याची नांगी दातानं फुटत नाय. अहो, मासळी ताजी का शिळी, आम्ही सगळ्याजणी कल्ला उचलूनच दाखवतो. माहीमची असो नायतर भाऊच्या धक्क्याची. मी कल्ला दाखवायचा नि शेजारणीनं शेपूट मोजायची, चालेल?”

“गिऱ्हाईक पाटी उलटी करेल.”

“मग ह्या डॉक्टरांची पाटी कोण उलटी करणार?”

तेवढ्यात डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या.

“मावशी, इथे सही करा. ‘उपचार यशस्वी’.”

“आधी लिही, चिंबोरी फुटत नाय.”

“फॉर्ममध्ये तसा रकाना नाही हो.”

“मग रकाना पाड, नि मला बोलव. दात यशस्वी, नि मी दोन महिने पेजेवर!”

“मावशी, बाकी सगळ्यांनी सह्या केल्यात. या नानांनीसुद्धा.”

“डॉक्टर, माझा तो कागद जरा परत द्या.”