पिळाचा पंख

मी मूळचा भातकुलीकडचा, माळ्याच्या घरचा. बाप बाजारात वांगे विके, अन मी त्याच्या टोपलीमागं बसून गिऱ्हाइकाशी भांडनं शिकलो. मंग अकोल्यात भंगाराचा धंदा उभा केला, कोनाच्या आधाराशिवाय. तोंड माहं तिखट, भाव मी वरडून, रडून, उठून जाऊन, कसाही जमवतो. पन आता लोकं म्हन्तात का मी त्या पोट्ट्याले वाकडा माल देल्ला. काय सांगू तुमाले, माल वाकडा नव्हता.

एका धावपट्टीवरचं जुनं शिकाऊ विमान मी भंगारात घेतलं. त्याचा पंख विमानाच्या अंगाले जुळला होता तिथं समोरची धार वर, अन टोकाकडं जराशी खाली, लांबून पिळल्यासारखा दिसे. मी म्हन्लं वाकला हाय, भाव उतरवा. तिथला म्हातारा मिस्त्री हासला. म्हने, शेट, हा पिळ बनवनाऱ्यानंच देल्ला हाय. विमान हळू झालं अन नाक लय वर गेलं का पंखावरची हवा सुटते. पिळ असला तं पहिले अंगाजवळची सुटते, टोकं धरून राह्यतात, विमान थरथरून सांगते का बावा, नाक खाली घे. पिळ नसला तं एखादं टोक एकदम सुटते, तो पंख पडते, अन विमान गरगर फिरत खाली येते.

मोर्शीकडच्या एका बागायतदाराचा पोट्टा, नीलेश, वावरात लहान विमान बनवून राहिला होता. तो पंख घ्याले आला. दोरी तानून पाह्यली अन म्हने, काका, हे तं पिळले हायेत, निम्म्यात द्या. मी त्याले मिस्त्रीचं सारं बोलनं सांगतलं. पन भाव चालू होता ना. भाव चालू असताना दुकानदाराचं कोन खरं धरते? त्याच तोंडानं मी शपथा घेऊन राहिलो होतो का मले घरातच महाग पडला. नीलेश हासला, म्हने, काका, वाकडेपनाचेबी पैसे लावता काय? माहं डोकं सरकलं. मी म्हन्लं, ने बे, कर सरळ अन बोंबल. त्यानं गाड्याइचे पत्रे ठोकनाऱ्या डेंटरकडून दोन्ही पंख सरळ करून घेतले.

उडवाच्या दिवशी त्यानं मले मुद्दाम बलावलं. दुपार होती, झाडाचं पान हालत नव्हतं. विमान बगीच्यावर गेलं, हळू झालं, नाक वर झालं. अन थरथरलं नाही. काहीच सांगतलं नाही त्यानं. झोपलेल्या मानसाचा हात खाटेखाली पडते तसा डावा पंख पडला. मंग महारुखाची शेंग झाडावरून फिरत येते ना, तसं ते येऊन राहिलं, इंजन बंद, आवाज नाही, अन त्याची सावली संत्र्याच्या झाडाइवर गोल फिरे. आमी सारे वर पाह्यत उभे होतो.

पोट्टा गेला.

तेरवी झाल्यावर त्याच्या बापानं डावा पंख माह्या आवारात आनून टाकला. म्हने, तुमचा वाकडा माल तुमीच ठेवा. मी म्हन्लं, भाऊ, तो सरळ केला म्हनूनच हे झालं. त्यानं ऐकलं नाही, गाडी सुरू केली.

तो पंख मी शेडमधी दोरानं टांगला. कापाले हात होत नाही. वारं असलं का गप राह्यते, वारं पडलं का फिरते. डावीकडंच. माहे गडी तिकून जात नाहीत, भंगार अंगनातच उतरवतात.

परवा अमरावतीचा एक ढाबेवाला आला, फाटकावर लावाले पंख पाह्यजे म्हने. जिंदगीत पहिल्यांदा मी भाव सांगतला नाही. त्याले बसवलं, पानी देल्लं, आता तुमाले सांगतलं तसं सारं सांगतलं. त्यानं पंखाकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं अन हासला. म्हने, काय शेट, भुताचेबी पैसे लावता काय?

मांगं दोर करकरून राहिला होता.

बसा तुमी, चहा येतेच हाय. फक्त त्या शेडकडं पाठ करू नका.