सतरा मिनिटं उशिराची रिव्हेली

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या प्रशिक्षण केंद्राचे माननीय कमांडंट साहेब, व्यासपीठावरचे डॉक्टर साहेब आणि इतर अधिकारी, ज्यांच्यासाठी हा हार आणला आहे ते आज निवृत्त होणारे आपले बिगुलर दादा, त्यांच्या शेजारी अवघडून बसलेल्या वहिनी, आणि समोर दाटीवाटीने बसलेले माझे रिक्रूट मित्रहो, ज्यांचं अर्धं लक्ष चहाकडे आहे हे मला ठाऊक आहे, कारण चहाचं आधण ठेवूनच मी इथे आलो आहे.

मी इथला आचारी. सहाशे माणसांचं जेवण एका हाताने करीन, पण माईक हातात धरायची ही पहिलीच वेळ. तेव्हा जरा सांभाळून घ्या.

दादा एकतीस वर्षं पहाटे बिगुलावर जे वाजवतात त्याला आपण रिव्हेली म्हणतो. म्हणजे नेमकं काय, हे मी परवा आपल्या वाचनालयाच्या बाईंना विचारलं. त्यांनी जाडजूड कोश काढला, चष्मा पुसला आणि सांगितलं, की शब्द मूळचा फ्रेंच आहे आणि अर्थ सरळ आहे: जागे व्हा. फौजेत सकाळी उठवायला जी धून वाजते ती रिव्हेली. मी म्हटलं, बाई, एवढंच? त्या म्हणाल्या, एवढंच.

पण आपल्याकडे हा शब्द एवढ्यावर कुठे थांबतो? माझी बायको म्हणते, रिव्हेलीच्या आत पाणी भरून ठेवा. न्हावी म्हणतो, रिव्हेलीनंतर या, आधी मी वस्तऱ्याला हात लावत नाही. रिक्रूट पहिल्या आठवड्यात या शब्दाच्या मागेपुढे जे काही जोडतात ते वहिनींसमोर सांगण्यासारखं नाही. आणि तेच रिक्रूट सुटीवर घरी गेले की पत्र पाठवतात, दादा, इथे रिव्हेली नाही, करमत नाही.

आता मला सांगा, जो सगळ्यांना जागे व्हा म्हणतो, त्याला जागं कोण करतं? कोशात ते नाही. ते फक्त तीन माणसांना माहीत होतं.

दादांची झोप म्हणजे दगड. वहिनी हसताहेत, म्हणजे मी खरं बोलतोय. घड्याळाचा गजर त्यांच्या कानाला कधी लागलाच नाही, आणि वहिनी तेव्हा गावी असायच्या. म्हणून आमची एक पद्धत होती. गेटवरचा पहारेकरी चूल पेटवायला मला उठवायचा. मी पाणी तापत ठेवून दादांच्या खिडकीशी जायचो आणि पळीने गज वाजवायचो. तीनदा. आतून आवाज यायचा, "उठलो रे बाबा, गज तोडशील." मग दादा सगळ्या केंद्राला उठवायचे.

दादा, डोळे वटारू नका. आज मी गप्प बसणार नाही.

मघाशी कमांडंट साहेबांनी दादांचं सेवापुस्तक वाचलं. एकतीस वर्षांत एकच ठपका: झोपून राहिल्यामुळे रिव्हेली सतरा मिनिटं उशिरा. सगळे हसले. दादाही हसले. मला मात्र हसता आलं नाही.

त्या दिवशी तपासणी होती. मोठे साहेब मैदानावर घड्याळ हातात धरून उभे, आणि सहाशे माणसं गाढ झोपेत. माझी धाकटी तेव्हा चार वर्षांची होती. तिला तीन दिवस ताप होता आणि मी तीन रात्री तिच्या उशाशी बसून कामावर येत होतो. त्या रात्री मी स्वयंपाकघरातच येऊन पडलो आणि पहाटे पहारेकऱ्याने मला उठवलं. मी "उठलो" म्हणालो आणि पिठाच्या पोत्याला टेकलो. डोळा लागला. खिडकी वाजलीच नाही.

दादांना साहेबांनी विचारलं, कारण काय? दादा म्हणाले, "कारण नाही, साहेब. मी झोपलो." बढती त्याच महिन्यात व्हायची होती. ती पाच वर्षं लांबली. मी तेव्हा रोजंदारीवर होतो. माझं नाव निघालं असतं तर संध्याकाळपर्यंत मी गेटबाहेर असतो.

दुसऱ्या दिवशी मी खिडकीशी गेलो. पळी उचलायची हिंमत होईना. खिडकी आतून उघडली. दादा आयुष्यात पहिल्यांदा आपणहून उठले होते. मला वाटलं, आता शिव्या पडणार. ते म्हणाले, "पोरीचा ताप उतरला का?" मी हो म्हणालो आणि तिथेच रडलो. ते म्हणाले, "कुणाला बोलू नकोस. मला नुसते ओरडतील, तुला काढतील. आणि उद्यापासून जरा जोरात वाजव."

ती पोर आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. नर्स झाली आहे. हे सगळं तीही आत्ताच ऐकते आहे.

गेल्या आठवड्यात दादा मला नव्या बिगुलरच्या खोलीपाशी घेऊन गेले. म्हणाले, "उजवीकडून दुसरी खिडकी. याची झोप माझ्यासारखीच आहे, लक्ष ठेव." जाणाऱ्या माणसाने मागे काय ठेवलं असं कुणी विचारलं, तर मी ही खिडकी दाखवीन.

आपण माझं ऐकून घेतलंत, आभारी आहे. भाषणाच्या शेवटी चुकलंमाकलं असेल त्याची माफी मागतात. सगळे अंदाजाने मागतात, माझी चूक मात्र मोजलेली आहे. कमांडंट साहेब, ती सतरा मिनिटं दादांच्या पुस्तकातून काढून माझ्या नावावर लिहावीत, आणि मग जमलं तर मला माफ करावं.

दादा, उद्या निवांत झोपा. मी जागा आहे.