वास सांगणारं माणूस

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगराच्या पार माथ्याला, खालच्या रस्त्यानं बघितलंत तर नुसती झाडी दिसंल, घरं दिसायची नायत. आज्यानं गुरं राखली, बापानं गुरं राखली आन् वरकस जमिनीत नाचणी केली, मीबी तेच केलं असतं, पण तेवढ्यात महाडला कंपन्या आल्या आन् वाडीतले आमी तरणे सगळे गुरांची दावी सोडून कंपनीच्या बसमध्ये जाऊन बसलो. केमिकलची कंपनी होती. नाव नाय सांगत, तिची भाकर खाल्लीय. महाडजवळ नाते गावात भाड्यानं खोली घेतली, कधी दिवसाची शिफ्ट, कधी रातची, असं करत करत केस पांढरे झाले, त्यात सांगण्यासारखं काय नाय. तुमी आलाय ते गुलाबांचं ऐकायला, पण काय सांगू तुमाला, आधी नाकाचं सांगितल्याबिगर गुलाबांचं कळायचं नाय.

तर नाक. माझ्या नाकाला वास येत नाय. जन्मापास्नं नाय, कंपनीत गेल्यावर हळूहळू गेला, आन् गेला कधी ते माझं मलाच कळलं नाय. नवीन होतो तेव्हा प्लँटमध्ये शिरलं की डोळ्याला पाणी यायचं, नाकात झणका जायचा, जुनी माणसं हसायची, सवय होईल रे म्हणायची. झाली सवय. मला वाटलं आपण आता पक्के झालो. मंग एक दिवस स्टोव्हवर दूध करपलं, पातेलं काळं पडलं, सगळ्या चाळीला वास गेला आन् मी शेजारीच बसून पेपर वाचतोय. बायको नळावरनं धावत आली. इंदू तिचं नाव. तिला संशय आला, तिनं माझे डोळे पदरानं बांधलेन, नाकाखाली कायतरी धरलंन आन् म्हणाली सांगा कसला वास. मी आपला अंदाजानं म्हणालो, मोगरा. जवळा होता हो, सुका जवळा! हसून हसून तिची पुरेवाट झाली, आन् हसता हसताच ती भिंतीला टेकून रडायला लागली.

त्या दिसापास्नं तिनं एक काम आपल्या अंगावर घेतलंन, मला वास सांगायचं. मासळी ताजी हाय का, डाळ लागलीय का, शेजारी कुणाकडं वडे तळतायत, बसल्या जागी सांगायची. कुणापुढं बोलली नाय कधी, माझ्या कानाशी लागून सांगायची. लोकांना वाटायचं या दोघांचं काय सारखं गुलुगुलु चाललेलं असतं.

आता गुलाब. तिचा भाऊ महाबळेश्वरकडं एका नर्सरीत कामाला होता, त्यानं तिला विलायती गुलाबाची रोपं दिलीन. नात्याला लावली ती उकाड्यानं गेली, पुन्हा लावली, पुन्हा गेली. मंग मी रिटायर झालो, आमी वर वाडीत येऊन राहिलो, तिथली हवा गार, तिथं मात्र त्यांनी जीव धरला. आपला बाजारातला गुलाब कसा, काठीवाणी उभा, एका दांड्याला एक फूल. हे तसं नाय, हे झुडूप हाय, करवंदीच्या जाळीसारखं पसरतं, आन् फुलाला पाकळ्या इतक्या गच्च की फुलाला आपलंच ओझं होतं, मान खाली घालतं. हारवाला विचारत नाय त्याला. सकाळी तोडलं की दुपारी पाकळ्या खाली. एकानं मला विचारलं, मंग उपयोग काय त्याचा. मी म्हणालो, तुझा काय उपयोग हाय ते सांग आधी.

उपयोग काय ते आमाला ठाऊक होतं. सकाळी चहा झाला की आमी दोघं परड्यात जायचो आन् ती एकेका फुलापुढं वाकून मला सांगायची. या पिवळ्याला चहापत्तीचा डबा उघडल्यावर येतो तसा येतोय. या फिक्याला बडीशेपेचा. हा लाल म्हणजे लग्नात गुलाबदाणीनं शिंपडतात ना, अगदी तसा, पण मागनं जरा लिंबाचं साल. छान हाय एवढंच बोलून ती कधी सुटली नाय. आन् नसला वास तर नाय म्हणून सांगायची, आज गारठा हाय, काय येत नाय, उन्हं वर येऊ देत, मंग बघू. मला तेच आवडायचं. मला खोटं नको होतं, जे हाय ते पाहिजे होतं.

मेहनत मात्र लय. आमच्याकडचा पाऊस तुमाला ठाऊक हाय, दगडाला शेवाळ धरतं तिथं विलायती झाडाची काय कथा. इंदूनं दगडगोट्यांचे उंचवटे करून त्यावर झाडं लावलीन, म्हणजे मुळाशी पाणी थांबायचं नाय. आन् पावसाळ्यात काय करायची, तिच्या सासूची, आत्येसासूची जुनी इरली होती माळ्यावर, लावणीला बाया पावसात डोक्यावर घ्यायच्या ती, प्लास्टिक आल्यावर कोण घेतंय. ती इरली तिनं काठ्यांवर उंच बांधलीन, बाजूनं वारं खेळायला जागा ठेवलीन, एकेका झाडाला एकेक इरलं. धुक्यात लांबनं बघितलं तर वाटायचं आपल्या परड्यात बायाच लावणी करतायत. पानावर काळे ठिपके आले की ती पानं खुडून जाळायची, बाकीच्यांवर ताक पाण्यात घालून शिंपडायचं. दसऱ्यानंतर छाटणी. मंग शेणखत, राख. आन् कळ्या आल्या की वानरं. वानरांना कळ्या बर्फीसारख्या लागतात, मी काठी घेऊन बसायचो, तिथं नाक लागत नाय.

तिच्या भावानं नर्सरी सोडलीन तेव्हा शेवटचं एक झाड आणून दिलंन. मालकानं बाजूला टाकलेलं, नावाची चिठ्ठी गळून गेलेली, कुठलं हाय ते त्यालाबी ठाव नव्हतं. इंदूनं ते विहिरीच्या अंगाला लावलंन. थंडीत त्याला कळ्या आल्या तर हिनं सगळ्या खुडून टाकल्यान. मी म्हणालो अगो, एक तरी फुलू दे, बघू तरी कसं हाय. ती म्हणाली पहिल्या वर्षी फूल धरायचं नाय, मूळ धरू दे, जीव फुलात गेला तर झाड राहायचं नाय, पुढच्या वर्षी तुमाला पोटभर सांगीन. बरोबरच होतं तिचं. तसंच करायचं असतं.

पुढच्या पावसात, गणपतीच्या आधी, छातीत दुखतंय म्हणाली. डोली करून खाली नेली, पोलादपूर, तिथनं महाड. महाडला पोचलो, पण उशीर झाला होता. आणखी काय सांगू त्याचं.

माणसं आली, दिवस झाले, माणसं गेली. आमच्या वाडीत घरं हायत, पण कुलपं हायत. गणपतीला उघडतात, शिमग्याला उघडतात, मंग पुन्हा कुलूप. वर राहतो मी, आन् पलीकडं कोंडाबाई म्हातारी, तिच्या दोन म्हशी. दिवसचे दिवस बोलायला कोण नसतं हो. जेवताना मी भात नाकाशी नेतो, सवयीनं, आंबला का बघायला, मंग आठवतं. तिच्या साड्या हायत ट्रंकेत. लोक म्हणतात माणूस गेलं तरी त्याच्या कपड्याला वास राहतो. माझ्या ट्रंकेत काय राहिलंय ते मला कसं कळणार.

दसऱ्यानंतर छाटणी मात्र केली, तिनं केलीन तशी, फांदीला कोंब फुटतो त्या डोळ्याच्या वर तिरका काप देऊन. आन् थंडीत विहिरीजवळच्या त्या बिननावाच्या झाडाला फुलं आली. पिकल्या पपईच्या आतला रंग, कडेला फिकट. मी त्याच्यापुढं उभा राहिलो आन् माझ्या तोंडातनं निघालं, सांग. मागं वळलो तर कोण नाय. बाकीच्या झाडांचं तिनं सगळं सांगून ठेवलेलं, मला पाठ हाय. याचंच राहिलं. आन् मंग मला दुसरं काय सुचेना, याचा वास कसला ते मला कळलं पाहिजे, बास.

कोंडाबाईला बोलावलं. तिच्या तोंडात मिश्री, तिनं नाक लावलंन, म्हणाली छान हाय. मी म्हणालो कशासारखा? गुलाबासारखा, अजून कशासारखा, तुझं काय डोकं फिरलं काय रे. पोस्टमन वर आला कधी नव्हे तो, त्याला दाखवलं, छान हाय काका, आन् गेला खाली. मंग काय केलं, एक फूल ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात घातलं आन् एसटीनं महाडला गेलो, दासगावचे इब्राहिमभाई आन् नाते गावचा गणपत, माझे कंपनीतले जुने सोबती, चहाच्या टपरीवर भेटतात. डबा उघडला. गणपतनं वास घेतलान, मान हलवलीन, वा म्हणाला. इब्राहिमभाईंनी घेतला, माझ्याकडं बघितलंनी, गणपतकडं बघितलंनी आन् म्हणाले, अरे बाबांनो, आपण तिघंबी एकाच प्लँटमधले! आमी असे हसलो की टपरीवाला भजी तळायची सोडून बघायला लागला. त्याच्याच हातात फूल दिलं. त्यानं कांद्याच्या हातानं धरलंन, म्हणाला फस क्लास. परत येताना गाडीत डबा मांडीवर, आन् मघाशी हसलो त्याचं मला रडू यायला लागलं.

लेक माझी, रंजना, नालासोपाऱ्याला असते. अधनंमधनं फोन करते, आबा, एकटे काय करताय तिथं, इकडं या. मी म्हणायचो तू ये, एक वास घेऊन जा. तिला वाटायचं म्हाताऱ्याला चळ लागला. रजा नव्हती, मंग पोरांच्या परीक्षा, एकेक फूल उमलायचं आन् गळायचं, वानरांपास्नं राखून ठेवलं तरी गळायचंच. माघात आली शेवटी, मला घेऊन जायचं ठरवूनच आली. मी चहाबी घेऊ दिला नाय, तिला विहिरीकडं नेली.

ती वाकली. आईसारखीच वाकते, पदर एका हातानं धरून. तिनं डोळे मिटलेन. दुसऱ्या फुलाकडं गेली, तिसऱ्याकडं गेली, मी तिच्या मागनं मागनं. मंग सरळ झाली आन् तिनं माझा हात धरलान. आबा, म्हणाली, याला वास नाय. मी म्हणालो म्हणजे थंडीनं? म्हणाली नाय हो आबा, ऊन आलंय, मी नीट घेतला, याला वासच नाय, काईच नाय.

तिला वाटलं मी खचणार. मला राग आला पहिला, कोंडाबाईचा, पोस्टमनचा, टपरीवाल्याचा, मंग तोबी गेला, त्यांनी बिचाऱ्यांनी मला बरं वाटावं म्हणूनच सांगितलंनी असणार. खरं सांगायला माणूस आपलं लागतं. मी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, म्हणालो सुखी राहा बाय, आईचं काम केलंस. ती चला म्हणाली मुंबईला, मी म्हणालो पावसाळ्यात इरली कोण बांधील, आन् ती दुपारच्या गाडीनं एकटीच गेली.

आता मी रोज सकाळी चहा झाला की बाकीची झाडं भराभर बघून घेतो आन् त्या झाडाशी जाऊन उभा राहतो. बाकीच्यांपुढं मला इंदू पाहिजे, तिच्याबिगर ती झाडं मला अर्धीच. हे एकच झाड असं हाय की ती असती तरी तिच्यापाशी मला सांगायला काय नसतं. दोघांनी नुसतं बघितलं असतं, सारखंच.