उसवायला चार मिनिटे

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या ज्येष्ठ नागरिक संघाचे आधारस्तंभ माननीय श्री. धम्मदीप ओव्हाळ, व्यासपीठावर विराजमान असलेल्या आणि सरकारी रुग्णालयातील नवजात शिशू कक्ष दिवसरात्र सांभाळणाऱ्या परिचारिका नीलिमाताई, ज्यांच्यासाठी आपण सारे इथे जमलो आहोत त्या श्रीमती कुंदाताई प्रधान, ज्यांना भाषण ऐकता ऐकता विणण्याची मुभा मी आधीच देऊन ठेवली आहे अशा बुधवार विणकाम मंडळाच्या सर्व भगिनींनो, आणि त्यांना घ्यायला येऊन मागच्या रांगेत अडकलेल्या बंधूंनो,

आरंभी एक कोडे मांडतो. ते आपल्याही नजरेस आले असेल.

आपल्या अंबरनाथ-बदलापुरात थंडी किती दिवस पडते? मोजून सांगायचे तर जेमतेम पंधरा-वीस दिवस. आत्ताही, फेब्रुवारीच्या या संध्याकाळी, डोक्यावरचे आठही पंखे सुरू आहेत. आणि त्या पंख्यांखाली समोरच्या तीन रांगांत लोकरीच्या टोप्या विणल्या जात आहेत. का बरे? त्याहून पुढचा प्रश्न असा की, इथून एका रिक्षाच्या अंतरावर उल्हासनगर आहे. तिथे तयार टोपी जितक्याला मिळते, तितक्यात तिच्यापुरती लोकरही येत नाही. कॅम्प एकमधले लोकरीचे व्यापारी परसराम शेठ यांनी, मी मंडळासाठी लोकर आणायला गेलो तेव्हा, मला हे पहिल्याच भेटीत ऐकवले. "साईं, तैयार टोपी ले जाओ ना. लेडीज लोग को काहे को तकलीफ देते हो?"

मी ते फार मनावर घेतले. माझी सदतीस वर्षे कारखान्याच्या तपासणी विभागात गेली. कोणतेही काम दिसले की ते याहून कमी श्रमात का होत नाही, हा प्रश्न माझ्या मनात आपोआप उभा राहतो. मंडळाच्या सभेत मी तसा ठरावच मांडला होता की, टोप्या विकत घ्याव्यात आणि भगिनींनी विश्रांती घ्यावी. कुंदाताईंनी सुई न थांबवता उत्तर दिले, "घ्या की विकत. त्याही देऊ. आम्ही विणतोच आहोत." ठराव तिथेच बारगळला.

पण प्रश्न राहिला. तेव्हा मी रीतसर एक प्रश्नावली छापली, "आपण का विणता?", आणि तेवीस सदस्यांना वाटली. मला वाटले होते, तेवीस जणी लिहितील, "समाजसेवेसाठी". असे एकीनेही लिहिले नाही. एकीने लिहिले, "मोबाईल हातात येत नाही." दुसरीने लिहिले, "विणत असले की सूनबाई काम सांगत नाही." त्या आज सूनबाईंसह आल्या आहेत, म्हणून नाव सांगत नाही. सगळ्यांत नेमके उत्तर दिले ते द्रौपदीताईंनी, तेही तोंडी. बदलापूरजवळच्या गावातले त्यांचे घर जुन्या शेतकऱ्यांचे. त्या म्हणाल्या, "दादा, भात लावायचो ना, तवा वाकून वळीनं जायाचं. आता शेतावर बिल्डिंग हाय. पण हाताला वळीची सवय हाय ना. त्यो काय बिल्डिंगीत ऱ्हायाला गेला नाय."

मला हे उत्तर इतके पटले की मी ते वहीत उतरवून घेतले. या गावांत आयुष्यभर काम केलेले किती हात आज नुसते मांडीवर पडून आहेत, याचा विचार करा. यंत्रावरचे, शेतातले, टंकलेखन यंत्रावरचे. माणूस निवृत्त होतो, त्याचे हात होत नाहीत. म्हणून माणसे सुया हाती घेतात.

मग दुसऱ्यांसाठी का विणतात? कारण अगदी घरगुती आहे. पहिला स्वेटर नातवाला जातो. नातू म्हणतो, "आजी, टोचतोय." दुसरा जावयाला जातो, तो कपाटात राहतो. तिसऱ्यापाशी नातलग संपतात, पण हात थांबायला तयार नसतात. विणकामाला कुणीतरी गारठलेले माणूस लागतेच. बदलापुरात, मे महिन्यात, गारठलेले माणूस आणायचे कुठून?

ते माणूस नीलिमाताईंच्या कक्षात असते. वजन दीड-दोन किलो. शरीराच्या मानाने त्याचे डोके मोठ्या माणसापेक्षा बरेच मोठे, कातडी पातळ, अंगावर चरबी नाही. नुकत्याच जन्मलेल्या ओल्या बाळाच्या उघड्या डोक्यातून ऊब भराभर निघून जाते. बाहेर आपण घामाघूम झालेले असतो आणि आत ते बाळ गार पडत असते. म्हणजे आपल्या गावात बारा महिने थंडी असते, फक्त ती दिसायला एवढी लहान आहे. हे ज्यांना प्रथम दिसले त्या कुंदाताई. अकरा वर्षांपूर्वी त्या नातीला, ऋताला, पाहायला रुग्णालयात गेल्या, शेजारच्या पाळण्यातल्या बाळाच्या डोक्याला रुमाल गुंडाळलेला पाहिला, आणि पुढच्याच बुधवारी चार मैत्रिणींना घेऊन या सभागृहाच्या कोपऱ्यात बसल्या.

कुंदाताई, खाली बघू नका. अजून स्तुती संपलेली नाही. शिवाय आता माझी पाळी आहे.

हे मंडळ अकरा वर्षे टिकले ते कुंदाताईंमुळे, आणि गेल्या वर्षी ते बंद पडण्याची वेळ आली ती माझ्यामुळे. निरोपाच्या दिवशी हे सांगितले नाही, तर माझ्या हातून खोटा अहवाल सादर झाल्यासारखे होईल.

झाले असे. रुग्णालयाला दिवाळीपर्यंत दोनशे टोप्या हव्या होत्या. टोप्या लहानमोठ्या होतात अशी कुजबुज माझ्या कानी आली. मी कुणालाही न विचारता तपासणी सुरू केली. सुताराकडून एक लाकडी डोके करून घेतले. टोपी त्यावर नीट बसली तर मंजूर, न बसली तर नामंजूर. भगिनी त्याला "शरदरावांचं डोकं" म्हणू लागल्या. "शरदरावांचं डोकं कपाटात ठेवलं का गं?" "ठेवलं, पण आत काही हलत नाही." हे मी ऐकत असे आणि त्यातही मला आपली पद्धत रुजत असल्याचा आनंद होत असे.

आमच्या कारखान्यातला नियम असा की, नाकारलेला नग पुन्हा चांगल्या मालात मिसळता कामा नये. त्याला लाल रंग लावून तो वेगळा करायचा आणि मोडीत काढायचा. मी इथे लाल रंगाऐवजी लाल दोरा बांधू लागलो. आणि मोडीत काढायचे म्हणजे? लोकर वाया जाऊ नये म्हणून मी नामंजूर टोपी घरी नेऊन उसवत असे आणि गुंडा करून परत आणत असे. मला ती काटकसर वाटत होती.

पहिल्या आठवड्यात नाकारलेल्या नऊ टोप्यांत एक पिवळी टोपी होती. घट्ट आणि एका बाजूला झुकलेली. ती द्रौपदीताईंची होती, आयुष्यातली पहिली. एकसष्टाव्या वर्षी सुया धरून एकोणीस दिवसांत विणलेली.

पुढच्या बुधवारी त्या दारातूनच विचारत आल्या, "माझी टोपी कुनाला दिली, दादा?"

मी पिवळा गुंडा त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणालो, "काळजी नको, लोकर सगळी वाचवली आहे."

त्यांनी गुंड्याकडे पाहिले. दोन्ही सुया टेबलावर ठेवल्या, चपला घातल्या आणि रिक्षा स्टँडकडे निघून गेल्या. पुढच्या बुधवारी सतरा जणी आल्या. त्याच्या पुढच्या वेळी अकरा. चौथ्या बुधवारी सहा, आणि त्या सहाजणीही टोप्या पिशवीतून बाहेर काढेनात. दोनशेपैकी एकाहत्तर टोप्या झाल्या होत्या. संघाच्या कार्यकारिणीत विषय निघाला की, सहाजणींसाठी सभागृह कशाला अडवायचे? अकरा वर्षांचे काम एका महिन्यात संपत होते, आणि ते संपवणारा मी तपासणीचे तक्ते भरत बसलो होतो.

कुंदाताईंच्या जागी मी असतो, तर मला सभागृहाबाहेर काढले असते. त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या.

"शरदराव, ती पिवळी टोपी उसवायला किती वेळ लागला?"

"चार मिनिटे."

"मोजला होतात?"

"सवयीने."

"मग आता विणायला किती लागतो, तोही मोजा," असे म्हणून त्यांनी तोच पिवळा गुंडा आणि दोन सुया माझ्या हातात दिल्या.

आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे की, उसवलेली लोकर सरळ राहत नाही? तिला पूर्वीच्या टाक्यांचे वळण पडलेले असते. कुरळ्या केसांसारखी दिसते. त्या प्रत्येक वळणाशी द्रौपदीताईंचा एक एक टाका होता, आणि मला तो दिसत होता. मी टाके घातले, गळले, पुन्हा घातले. सुलटा टाका आठ दिवसांनी जमला, उलट्याने आणखी सहा दिवस घेतले. आमच्या सौ. म्हणाल्या, "नोकरीत असताना कधी इतके गप्प बसला नाहीत." एकूण वेळ चौतीस तास दहा मिनिटे. आणि त्या चौतीस तासांत मी सतत एका अशा बाळाचा विचार करत होतो, जे अजून जन्मलेलेही नव्हते. टोपी विकत घेताना तुम्ही बाळाचा विचार किती वेळ करता? दुकानदार पिशवीत घालेपर्यंत. परसराम शेठच्या प्रश्नाचे उत्तर मला अशा रीतीने मिळाले.

टोपी पुरी झाली. मी ती मोठ्या अपेक्षेने लाकडी डोक्यावर चढवली. बसेना.

तपासनीस स्वतः नामंजूर झाला की काय करतो? मापात किती सूट चालेल ते विचारायला जातो. मी टोपी आणि लाकडी डोके दोन्ही घेऊन नीलिमाताईंकडे गेलो. त्यांनी ते डोके हातात घेऊन फिरवून पाहिले.

"काका, हे माप कुठल्या बाळाचं?"

"आमच्या नातवाचं. विनीतचं."

"केवढा आहे तो?"

"माप घेतलं तेव्हा पाच महिन्यांचा होता."

नीलिमाताई हसल्या नाहीत, ही त्यांची थोरवी. शेजारची परिचारिका मात्र औषधांचा ट्रे ठेवून बाहेर गेली. "काका, आमची बाळं पाच तासांची असतात," त्या म्हणाल्या. "आम्हाला घट्टच टोप्या लागतात. तुमच्याकडच्या सैल टोप्या आम्ही आतून टाके घालून वापरतो."

मंडळी, तपासणी विभागात पहिल्या दिवशी शिकवतात की, माल तपासण्याआधी माप तपासा. सदतीस वर्षे मी हे इतरांना शिकवले. द्रौपदीताईंची टोपी बरोबर होती, चुकले होते ते माझे डोके. लाकडी असो वा खरे, आपण ठरवा.

त्याच दुपारी मी त्यांच्या गावी गेलो. त्या ओट्यावर बसल्या होत्या. मी पिवळी टोपी पुढे केली, घडलेले सारे सांगितले आणि क्षमा मागितली. त्यांनी टोपी उलटी केली, सुलटी केली, उजेडात धरली.

"दादा, ही तर माझ्यापरीस वाकडी हाय."

"आहे."

"मंग लाल दोरा कुठं हाय?"

मी खिशातून खरोखरच लाल दोरा काढला. तो सवयीने खिशातच असायचा. त्यांनी तो घेतला, बाजूला ठेवला आणि चौथ्या ओळीवर बोट टेकवले. तिथे एक टाका गळून खाली घसरला होता, तो मला दिसलाही नव्हता. त्यांनी केसातला आकडा काढला आणि एकेक ओळ चढवत तो टाका वर आणला. दोन मिनिटेही लागली नाहीत. हेही मी मोजले.

"गळल्याला टाका असा वर घ्यायाचा असतो," त्या म्हणाल्या. "त्याच्यापायी आख्खी टोपी कशाला उसवायाची?"

पुढच्या बुधवारी त्या आल्या. त्यांच्यामागे बाकीच्या आल्या. दिवाळीआधी चार दिवस आम्ही रुग्णालयात दोनशे सहा टोप्या पोहोचवल्या. त्यांतली कुरळ्या लोकरीची पिवळी टोपी एक किलो सातशे ग्रॅमच्या मुलीला बसली, असे नीलिमाताईंनी कळवले. त्या मुलीचे नाव मला ठाऊक नाही. ठाऊक असण्याची गरजही वाटत नाही.

कुंदाताई आता चिरंजीव सोहमकडे डेहराडूनला जात आहेत. अखेर स्वेटर लागणाऱ्या गावी जाण्याचा योग त्यांना आला. गेला महिनाभर सगळ्यांना एकच घोर होता की, बुधवारचे पुढे काय? कपाटाची किल्ली कुणाकडे? द्रौपदीताई नको म्हणत होत्या. "मला रजिस्टर लिवता येत नाय," हे त्यांचे कारण. परवा कुंदाताईंनी त्यांना सांगितले, "रजिस्टर शरदराव लिहितील. तू फक्त त्यांचं तपासत जा." तेव्हा कुठे त्या हो म्हणाल्या. आज कुंदाताई त्यांना किल्ली देतील. तिला लाल दोरा बांधलेला आहे. त्याचा अर्थ आता एवढाच की, ही किल्ली चटकन सापडावी.

अध्यक्षमहाराजांनी वेळेची घंटी दोनदा उचलून खाली ठेवली, याबद्दल त्यांचे आभार. नीलिमाताईंचे, संघाचे, पंखे आणि ध्वनिक्षेपक सांभाळणाऱ्यांचे आभार. कुंदाताई, आपले आभार मानायला मी चौतीस तास दहा मिनिटे आधीच खर्च केली आहेत, त्यांत आज भर घालत नाही. माझ्या बोलण्यात जिथे जिथे टाका गळला असेल, तिथे तो आपण वर घ्यावा, सगळे भाषण उसवू नये, ही विनंती.

आणि जाता जाता एक छोटी परीक्षा. बाहेर पडताना दाराशी प्रत्येकाला लोकरीचा एक तुकडा मिळेल. घरी गेल्यावर एखाद्या पेन्सिलीवर त्याचे दहा टाके घाला. कसे घालायचे ते समोरच्या तीन रांगांतली कुणीही सांगेल. दहा झाले की पेन्सिल काढा आणि लोकरीचे टोक ओढा. ओढण्यापूर्वी हात क्षणभर जरी थबकला, तरी आपण बुधवारी चार वाजता इथे या.

नाही थबकला, तरी या. मीही तसाच आलो होतो.