आयान्थीची पिवळी टोपी

मार्वा : असल्या गोष्टी पाण्यात उभं राहून बोलतात का, वेल्डामावशी? चला ना, बदामाखाली बसू.

वेल्डा : बाहेर गेले की माझे गुडघे मला बोलू देत नाहीत. इथे निदान निम्मं वजन समुद्र उचलतो. तू बोल. सेंट जॉर्जच्या त्या वृद्धाश्रमाचं काय झालं?

मार्वा : खोली मिळतेय. खिडकीजवळची आहे. आज बारापर्यंत हो की नाही ते कळवायचंय, नाहीतर दुसऱ्या कुणाला देतील. आणि रविवारी माझं विमान आहे.

वेल्डा : आयान्थीला सांगितलंस?

मार्वा : आईला काल सांगितलं. 'बरं' म्हणाली. आज सकाळी मला विचारते, इंग्लंडहून कधी आलीस? मला येऊन नऊ दिवस झालेत, मावशी.

वेल्डा : जरा तिकडे बघ. त्र्याऐंशी वर्षांची बाई पाठीवर पडलीय, हात पसरून, घरच्या पलंगावर पडावं तशी. ती पिवळी टोपी दिसतेय ना, तोवर मला तिची काळजी नाही.

मार्वा : मला आहे. उगाच नाही मी उन्हातान्हात तीन जागा बघून आले. पहिल्या ठिकाणी सगळ्यांना टीव्हीसमोर ओळीने बसवून ठेवलं होतं आणि टीव्ही बंद होता. तिथून उलट्या पावली परत फिरले. दुसरं आपल्या चर्चचं केंद्र. सकाळी गाडी येऊन नेते, जेवण देतात, गाणी म्हणून घेतात, चारला घरी सोडतात. चांगलं आहे, पण चारनंतर कोण? सेंट जॉर्जला रात्रभर नर्स जागी असते. चादरी स्वच्छ. मेट्रन प्रत्येकाला नावाने हाक मारते.

वेल्डा : चांगलंच असेल. माझी नणंद तिथेच गेली, शेवटपर्यंत नीट सांभाळलं तिला. मी नावं ठेवत नाही. पण अख्ख्या बार्बाडोसमध्ये दोनच परगण्यांना समुद्र नाही, त्यातला एक बरोबर शोधून काढलास तू.

मार्वा : मला समुद्राचीच तर भीती वाटते. परवा शेजारच्या बाई मला काय काय सांगत होत्या. मक्याच्या पिठाचं कूकू ढवळता ढवळता आई उठून गेली म्हणे, पातेल्याचा कोळसा झाला. आणि फेब्रुवारीत भर दुपारी दोन वाजता, गाऊनवर, खांद्यावर टॉवेल टाकून इथे आली. तिला वाटलं पहाट झालीय. मासेवाल्याने हाताला धरून घरी आणून सोडलं. तो नसता तर?

वेल्डा : हं.

मार्वा : हं काय? तुम्हाला माहीत होतं.

वेल्डा : होतं.

मार्वा : केव्हापासून?

वेल्डा : ती विसरायला लागलीय हे ख्रिसमसच्या आधीपासून.

मार्वा : दर रविवारी मी तुम्हाला फोन करायचे. दर रविवारी विचारायचे, आई कशी आहे? 'ठणठणीत आहे गं, तुझ्यामाझ्यापेक्षा ठणठणीत.' हे शब्द होते तुमचे.

वेल्डा : होते. तिने शपथ घातली होती मला. म्हणाली, कळलं की मार्वा येईल आणि मला उचलून कुठेतरी ठेवून जाईल. माझं चुकलं, पोरी. शपथ मोडायला हवी होती मी. रागव, मी ऐकून घेते.

मार्वा : रागावू कशी? दहा पावलांवरच्या घरात तुम्ही होतात आणि मी कुठे बसले होते? तरी राग येतोच.

वेल्डा : येऊ दे. पण आम्ही काही नुसतं तोंडाला कुलूप लावून बसलो नव्हतो. समुद्रावरून थेट माझ्याकडे येते ती, न्याहारी माझ्या टेबलावर. दुपारी पलीकडच्या घरातली ओर्लीन शिवणाची टोपली घेऊन तिच्या ओट्यावर जाऊन बसते. संध्याकाळचं जेवण झालं की ओर्लीनच गॅस बाहेर सिलिंडरपाशी बंद करते. आणि टोपी माझ्याकडे असते.

मार्वा : टोपीचं काय?

वेल्डा : तुझ्या आईने टोपीशिवाय समुद्रात कधी पाऊल टाकलेलं बघितलंस? केसांना खारं पाणी लागलेलं तिला जन्मात खपलं नाही. वार विसरेल, जेवली की नाही ते विसरेल, केस विसरायची नाही. त्या दुपारीही ती टोपी न घेताच निघाली होती, म्हणून तासभर काठावरच उभी राहिली. मासेवाल्याने तिथूनच आणली तिला. मग मी काय केलं, त्या दिवसापासून पोहणं झालं की टोपी गुपचूप माझ्या पिशवीत. पहाटे साडेपाचला तिच्या दारात नेऊन देते.

मार्वा : म्हणजे टोपी नाही तर समुद्र नाही.

वेल्डा : आतापर्यंत तरी नाही. तीन महिने झाले.

मार्वा : मावशी, माझं काम काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. बस डेपोत शंभर ड्रायव्हरांच्या पाळ्या लावते मी. एक रकाना रिकामा राहिला की बस जागची हलत नाही. सकाळ तुमची, दुपार ओर्लीनची. रात्र कुणाची?

वेल्डा : रात्र कुणाचीच नाही. खोटं कशाला बोलू? मी एकोणऐंशीची आहे. रात्री उठून तिला धरायला गेले तर दोघींना उचलायला तिसरी लागेल.

मार्वा : आणि ओर्लीन रोज येते?

वेल्डा : गुरुवार सोडून. गुरुवारी ती साखर तपासायला दवाखान्यात जाते.

मार्वा : गुरुवारी चर्चची गाडी बोलावता येईल. रात्रीला मुक्कामाची बाई हवी, या कामाची माहिती असलेली. नुसती येऊन झोपणारी नको.

वेल्डा : पॉलिक्लिनिकच्या नर्सला विचारू. तिला बरोबर माहीत असतं कोण झोपतं आणि कोण जागतं. म्हणजे, तू सेंट जॉर्जला नाही म्हणणार?

मार्वा : अजून काही ठरलेलं नाही. उद्या तुम्हीच पडलात तर?

वेल्डा : तर तुझी यादी कोसळली. शिवाय, ज्या दिवशी ती टोपी न घालता पाण्यात शिरेल ना, त्या दिवशी मी स्वतः तुला फोन करीन. रविवारची वाट बघणार नाही. आणि तिला सेंट जॉर्जला मीच घेऊन जाईन, माझ्या गाडीतून. तेव्हा तुझ्याशी वाद घालणार नाही.

मार्वा : यापुढे शपथा बंद. विचारलं की खरं सांगायचं.

वेल्डा : खरं सांगीन. माझा नवरा डेन्झिल गेला तेव्हा मीसुद्धा सगळ्यांना ठणठणीत आहे म्हणूनच सांगत होते. सहा महिने या पाण्याचं तोंड पाहिलं नव्हतं मी. जाऊ दे ते. मी टॉवेल काढून ठेवते, तू तिच्याशी बोल.

(वेल्डा हळूहळू काठाकडे निघते. पिवळी टोपी तरंगत तरंगत मार्वाजवळ येते.)

आयान्थी : झालं का माझं ठरवून?

मार्वा : आई, तू ऐकत होतीस?

आयान्थी : कान पाण्यात होते. पण वेल्डा एवढे हात हलवते म्हणजे एकतर मासे महागले असणार, नाहीतर माझा विषय असणार.

मार्वा : मी कोण आहे, सांग बरं.

आयान्थी : मार्वा. एवढी पन्नाशी उलटली तरी वाळूत पाय रोवून उभी राहणारी. चल, पाठीवर पड. मान सोड. मी धरलंय तुला.

मार्वा : आई, तुला धरायला मी आलेय.

आयान्थी : ते घरी. पाण्यात मी धरते.

मार्वा : आई, तुला काय हवंय? मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. खिडकीजवळची खोली आहे, तिथे सगळं नीट होईल. नाहीतर आपलं घर आहे. रात्री एक बाई सोबतीला राहील, गुरुवारी चर्चची गाडी येईल.

आयान्थी : घोरणारी नको.

मार्वा : विचारून घेईन.

आयान्थी : खोलीत जाईन गं एक दिवस. तेव्हा रडू नकोस. पण आत्ता नको. मला भीती वाटते, मार्वा. पहाटे जाग येते तेव्हा भिंती माझ्या वाटत नाहीत. कुणाच्या घरात निजलेय ते कळत नाही. मग दार वाजतं, वेल्डा टोपी घेऊन उभी असते आणि मला कळतं, मी माझ्याच घरी आहे.

मार्वा : बाराच्या आत मी त्यांना नको म्हणून कळवते.

आयान्थी : कळव. आणि मान सोड म्हटलं ना.

मार्वा : सोडली. आई, टोपी वेल्डामावशींकडे का असते, ठाऊक आहे तुला?

आयान्थी : माझी टोपी रोज तिच्या पिशवीत जाते, ते मला दिसत नाही होय? काही दिवस नसेलही दिसत. त्या दिवसांसाठी राहू दे तिच्याकडेच.

मार्वा : मग इतके दिवस बोलली का नाहीस?

आयान्थी : डेन्झिल गेल्यावर दुपार झाली तरी तिच्या घराच्या खिडक्या बंद असायच्या. आता साडेपाचला माझ्या दारात असते. तिला काही बोलू नकोस हं. टोपी द्यायची असते म्हणून उठते ती.